सपाटीवर रडणारी गाडी

शहर संपतं आणि डोंगराकडे जाणारा डांबरी रस्ता सुरू होतो, त्या कोपऱ्यावर पत्र्याची एक लांबट शेड आहे. शेडला पाटी नाही. होती पूर्वी, पण एका वादळात ती उडाली आणि शेजारच्या लाकूडवखारीत जाऊन पडली. वखारवाल्याने ती पाण्याच्या पिंपावर झाकण म्हणून ठेवली, आणि मिस्त्रींनीही कधी परत मागितली नाही. "ज्याला यायचंय तो आवाज करतच येतो. पाटी कोण वाचतंय?" असं त्यांचं म्हणणं.

लोक त्यांना तोंडावर मिस्त्री म्हणतात आणि पाठीमागे कानमिस्त्री. कारण हा गृहस्थ गाडीला हात नंतर लावतो, आधी कान लावतो. लांब झाडूचा जुना लाकडी दांडा आहे त्यांच्याकडे, एका टोकाला घासून घासून गुळगुळीत झालेला. तो इंजिनावर नाहीतर चाकाच्या आसावर टेकवायचा, दुसरं टोक कानाच्या मागच्या हाडाला लावायचं आणि डोळे मिटायचे. अशा वेळी शेडमध्ये कोणी खोकलं तरी मिस्त्री एक डोळा उघडून असं बघतात की खोकणाऱ्याचा खोकला जागच्या जागी बरा होतो.

आणि त्यांची एक खोड. खोड म्हणा, नियम म्हणा. गिऱ्हाइकाने गाडीला काय झालंय हे सांगायचं नाही. "गिअरबॉक्स गेलाय वाटतं," असं कोणी म्हणालं की मिस्त्रींचं डोकं फिरलंच समजा. "तुम्हाला कळतंय ना सगळं? मग तुम्हीच खोला की!" गिऱ्हाइकाने फक्त गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवायचा. मग समोर कोणी का असेना. एकदा एक निवृत्त न्यायाधीश भर दुपारी शेडच्या मधोमध उभे राहून "घुर्रर्र, घुर्रर्र" करत होते आणि मिस्त्री त्यांना सांगत होते, "तसं नाही साहेब, जरा पोटातून येऊ द्या."

हसाल तुम्ही, पण त्यात अक्कल होती. वळताना "कट्-कट्-कट्" येत असेल तर पुढच्या चाकाकडचा जॉइंट. गिअर टाकल्यावर एकदाच "ठक्" झालं तर लांब शाफ्टचा क्रॉस झिजलाय. "ऊंऽऽ" असा आवाज पाय दाबला की चढतो आणि पाय सोडला की सूर बदलतो, तर मागच्या आसातले क्राउन-पिनियन. "घुर्रर्र" एकाच बाजूला वळताना वाढला तर बेअरिंग. सगळं त्यांच्या वहीत होतं. प्रत्येक गाडीची एक ओळ, आणि त्या ओळीत आवाज, जसा काढला तसा अक्षरांत. काम झालं की गिऱ्हाइकाने एक फेरी मारून यायचं, वहीसमोर उभं राहायचं आणि मिस्त्रींनी "हं, काढा आवाज" म्हटलं की तोंड मिटून गप्प राहायचं. मग मिस्त्री त्या ओळीवर पेन्सिलीने आडवी रेघ मारायचे. तोवर गाडी बरी झाली असं ते मानायचेच नाहीत.

त्यांच्या बायकोला या सगळ्याचं भारी कौतुक, पण तिच्या पद्धतीचं. शेडच्या मागच्या दोन खोल्यांत त्यांचं घर. ती खिडकीतून चहा देताना गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची, "कोणाचं टायर कुठल्या बाजूने कुरकुरतंय ते यांना बरोबर कळतं. मी सकाळपासून कुरकुरतेय, ते काही कळत नाही बघा."

मिस्त्री ऐकून न ऐकल्यासारखं करायचे. बायको म्हणायची तेच खरं होतं, पण ते पटायला त्यांना ती पिकअप यावी लागली.

एका गुरुवारी सकाळी ती आली. चार चाकांना जोर देता येणारी जुनी निळी पिकअप, मिस्त्रींच्या अंगाखांद्यावर वाढलेली म्हटली तरी चालेल. त्यांच्या लहानपणच्या मित्राची. तो मित्र एवढा उंच की शाळेपासून त्याला सगळे लंबू म्हणायचे. लंबू आणि त्याची मुलगी मिळून ती गाडी चालवायचे. डोंगरावर तीन वाड्या आहेत, तिथे सरकारी दवाखान्याची औषधं आणि लहान मुलांच्या लसी आठवड्यातून दोनदा पोचवायच्या, येताना तपासणीच्या बाटल्या आणायच्या, कधी एखादा आजारी माणूस आणायचा. बारा वर्षं हेच. पहिली काही वर्षं लंबू चालवायचा आणि पोरगी शेजारी बसायची. मग गुडघे कुरकुरायला लागल्यावर पोरगी स्टिअरिंगवर आली आणि लंबू डावीकडे बसायला लागला. तिथून तिला रस्ता सांगायचा, जो तिला पाठ होता.

त्या दिवशी मात्र ती एकटीच उतरली. मिस्त्रींना कारण माहीत होतं. सहा आठवड्यांपूर्वी लंबूच्या हृदयाचं ऑपरेशन झालं होतं. माणूस वाचला होता, पण घरी आल्यापासून खुर्चीत बसून असायचा आणि फारसं बोलायचा नाही.

"काका, आवाज येतोय," पोरगी म्हणाली.

"काढून दाखव."

तिने ओठ मिटले आणि घशातून "हूंऽऽऽ" असा लांब, रडका सूर काढला. खिडकीतून मिस्त्रींची बायको डोकावली. "कोण रडतंय ग?"

"सपाटीवर येतो काका. चाळीसच्या पुढे गेलं की सुरू. वर डोंगरात चारी चाकं जोडली की बंद होतो. एकदम गप्प."

मिस्त्रींनी वहीत लिहिलं: "हूंऽऽऽ, चाळीसच्या पुढे." आणि पेन्सिल कानावर ठेवली. पुढचं वाक्य त्यांनी लिहिलं नाही. मनात म्हणाले, वर दगडधोंड्यांत गाडी एवढी खडखडते, तिथे हिला कुठला आवाज ऐकू येणार? चारी चाकांवर जोर आला की आवाज वाढायला हवा. बंद कसा होईल? काहीतरीच सांगते पोरगी.

गाडी भिंतीकडेच्या खड्ड्यावर घेतली. शेडमध्ये तेवढीच जागा, डावी बाजू भिंतीला चिकटलेली. मिस्त्रींनी आधी पुढच्या चाकाकडे बघितलं. ही जुनी गाडी असल्यामुळे तिच्या पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध एकेक गोल मूठ आहे, मिस्त्री तिला हब म्हणतात. चढाचा कच्चा रस्ता लागला की उतरायचं, दोन्ही मुठी "लॉक"वर फिरवायच्या, मग आतला, गिअरशेजारचा दांडा ओढायचा. तेव्हा पुढची चाकं आसाशी जोडली जातात आणि गाडी चारी पायांवर चालते. परत डांबर लागलं की पुन्हा उतरून दोन्ही "फ्री" करायच्या. मिस्त्रींनी उजवी मूठ बघितली. फ्री. वहीत लिहिलं: "हब बघितलं. फ्री." आणि गाडीखाली गेले.

मागचा आस घोडीवर चढवला, मागची चाकं हवेत फिरवली, दांडा लावून ऐकलं. आवाज नाही. लोण्यासारखी गाडी. "भार नाही ना, म्हणून गप्प आहे," मिस्त्री स्वतःलाच म्हणाले. हुशार माणसाचं हेच असतं बघा. गोष्ट समोर येऊन उभी राहते आणि हा तिला कारण देऊन परत पाठवतो. मागची चाकं फिरताना आवाज नाही, म्हणजे आवाज मागे नाहीच, हे शेंबड्या पोराला कळावं. पण मिस्त्रींच्या डोक्यात आधीच मधली पेटी बसली होती. इंजिनाचा जोर पुढे आणि मागे वाटून देणारी जी दातऱ्यांची पेटी असते, ती.

ती डोक्यात बसायला कारण होतं. त्यांनी विचारलं होतं, "कधीपासून येतोय?" आणि पोरीने खाली बघत सांगितलं होतं, "बाबांना आणलं त्या दिवसापासून."

त्या दिवशी वरच्या वाडीतून निघाल्यावर अर्ध्या उतारावर लंबूच्या छातीत दुखायला लागलं. घाम, उलटी, डोळे पांढरे. कच्चा रस्ता संपतो तिथे हे बापलेक नेहमी थांबायचे. पण त्या दिवशी कोण थांबतंय? तिने गाडी तशीच दामटली. चारी चाकं जोडलेली असताना डांबरावरून वीस किलोमीटर, थेट दवाखान्याच्या दारात.

"चारी चाकं जोडून? डांबरावर? वीस किलोमीटर?" मिस्त्री ओरडलेच. "अग, डांबरावर चाकं घसरत नाहीत! पुढचा आस मागच्याला ओढतो, मागचा पुढच्याला, आणि सगळा ताण मधल्या पेटीवर! फोडलीस तू पेटी!"

पोरीचा चेहरा खर्रकन उतरला. तोंडातून शब्द गेल्यावर मिस्त्रींना स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. बाप मरायला टेकला होता आणि हा माणूस तिला दातऱ्यांचा हिशेब सांगतोय! पण माघार घ्यायची तर सवयच नाही. ते गाडीखाली सरकले आणि म्हणाले, "बघतो."

"काका, सोमवारी दवाखान्याचे साहेब येणार आहेत," ती वरून म्हणाली. "बाबा नाहीत, मी एकटी करू शकते का ते बघायला. गाडीत बसून वरपर्यंत येणार. गाडी रडताना ऐकली तर काम दुसऱ्याला देतील. तसं त्यांनी सांगितलंच आहे, रस्त्यात बंद पडेल अशी गाडी लसींसाठी नको."

"पेटीच गेली असली तर?"

"तर नाही जमणार. बाबा म्हणतात, पेटी गेली असेल तर गाडी विकून टाक." जरा थांबून ती म्हणाली, "गाडी घराशी आली ना, की ते तोंड फिरवतात काका. आवाज ऐकवत नाही त्यांना."

शुक्रवारी मिस्त्रींनी पेटी खोलली. दिवसभर दुसऱ्या कामाला हात लावला नाही. एकेक दातरी रॉकेलमध्ये धुऊन उजेडात धरली, बेअरिंगं बोटावर फिरवली, साखळी ताणून बघितली. कुठे ओरखडा नाही, कुठे टवका नाही. तळाच्या तेलात बोट घालून चोळलं, लोखंडाचा एक कण लागेल तर शपथ. चांगली ठणठणीत पेटी! एरवी मिस्त्री खूश झाले असते. आता त्यांनी प्रत्येक दातरी पुन्हा एकदा उजेडात धरली. छत्तीस वर्षांत त्यांनी चांगली पेटी विनाकारण कधी खोलली नव्हती.

संध्याकाळी पेटी परत बसवली, फेरी मारली. चाळीसच्या पुढे गेल्याबरोबर "हूंऽऽऽ."

जेवताना बायको म्हणाली, "काय म्हणते पोरगी?"

"पोरगी काय म्हणणार? गाडी काय म्हणते ते कळत नाहीये."

"मी पोरीचं विचारलं."

मिस्त्रींनी ताट पुढे करून आणखी एक भाकरी मागितली. रात्री त्यांना नीट झोप लागली नाही. आपले कान गेले की काय, असं पहिल्यांदा मनात आलं, आणि आल्यावर ते जाईना.

शनिवारी तिची वर जायची फेरी होती. सकाळी ती लसींची थंड पेटी घेऊन दारात हजर. "गाडी द्या काका. आवाजासकट नेते. तिथे मुलं वाट बघतायत."

"मी येतो," मिस्त्री म्हणाले.

पोरगी बघतच राहिली. मिस्त्रींना वळणांचा रस्ता सोसत नाही, हे साऱ्या शहराला माहीत. छत्तीस वर्षं डोंगरावरच्या गाड्या दुरुस्त केल्या, पण डोंगरावर एकदाच गेले होते आणि तिसऱ्या वळणाला त्यांची तब्येत अशी बिघडली की लंबूने त्यांना मागच्या फळीवर आडवं घालून परत आणलं होतं. बायकोने एक लिंबू आणि एक टॉवेल हातात दिला. "टॉवेल ओला करूनच ठेव," ती पोरीला म्हणाली, जणू काही हे लहान बाळ.

मिस्त्री डावीकडे बसले, लंबूच्या जागेवर. सीट लांबच लांब मागे सरकवलेली. पाय हवेत तरंगायला लागले, पण पुढे ओढायचा धीर झाला नाही.

डांबरावर गाडी सगळी वाट रडत होती. मिस्त्रींनी दांडा पायाशी टेकवून कानाला लावला. आवाज पुढून येत होता. पुढून, आणि डावीकडून, अगदी त्यांच्या पायाखालून. छे! पुढची चाकं तर मोकळी आहेत. मोकळ्या चाकांना कसला आवाज? हब बघितलंय, वहीत लिहिलंय.

डांबर संपलं. एका मोठ्या खडकापाशी पोरीने गाडी थांबवली, इंजिन चालू ठेवलं, उतरली, पुढच्या चाकाशी वाकली. कट् असा आवाज झाला. परत येऊन बसली, दार आपटलं. आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून समोर बघत नुसती बसून राहिली. एक, दोन, तीन, चार. मग तिने आतला दांडा ओढला आणि गाडी चढाला लावली.

"कशाला थांबलीस?" मिस्त्रींनी विचारलं.

"कुठे थांबले?"

"अग, बसल्यावर. कशाची वाट बघत होतीस?"

"मी? नाही बाई." तिला खरंच माहीत नव्हतं.

पुढची वळणं सुरू झाली आणि मिस्त्रींना लिंबाशिवाय दुसरं काही सुचेना. तरी पाचव्या वळणावर लिंबू नाकाशी धरलेलं असताना त्यांच्या लक्षात आलं, की गाडी गप्प आहे. खडखडत होती, दगड उडत होते, पण तो रडका सूर नव्हता. थोडा सपाट भाग आला, तिथे तिने मुद्दाम पळवली. चाळीस. पंचेचाळीस. काही नाही.

"बघा," ती म्हणाली. "म्हटलं होतं ना?"

म्हटलं होतं. पहिल्याच दिवशी, आवाज काढून दाखवल्यावर लगेच. मिस्त्रींचं तोंड कडू झालं, आणि ते काही वळणांमुळे नव्हे. न्यायाधीशाचा घसा ऐकतो, इंजिनाचा घसा ऐकतो, आणि समोर उभी राहून पोरगी जे बोलली ते आपण वहीत घ्यायच्या लायकीचंही समजलो नाही.

वर तिन्ही वाड्यांत पेट्या उतरल्या. बायका पोरांना घेऊन आल्या, पोरं रडली. प्रत्येक जण आधी विचारायचा, "बाबा कसे आहेत?" आणि मग गाडीच्या डाव्या दाराकडे बघायचा. तिथे लिंबू धरून बसलेले मिस्त्री बघून लोकांचा थोडा हिरमोड व्हायचा.

उतरताना तोच खडक आला. पोरीने गाडी थांबवली. उतरली, उजव्या चाकाशी वाकली, कट्. परत आली, दार आपटलं, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर. एक, दोन, तीन.

आता मिस्त्री तिच्याकडे बघत होते. कान तर होतेच उघडे, पण या वेळी डोळेही उघडे होते.

"पोरी," ते हळूच म्हणाले, "दुसरं चाक?"

"ते बाबांचं," ती म्हणाली.

आणि म्हणताक्षणीच तिने तोंडावर हात ठेवला.

बारा वर्षं दोघं इथे थांबायचे. ती स्टिअरिंगवर आल्यापासून ती उजवीकडून उतरायची, लंबू डावीकडून. तिने उजवी मूठ फिरवायची, त्याने डावी. तिचं आधी व्हायचं कारण ती तरुण, मग ती येऊन बसायची आणि डावं दार आपटल्याचा आवाज आला की गाडी सोडायची. कोणी ठरवलं नव्हतं, कोणी बोललं नव्हतं, अंगवळणी पडलेलं. त्या दिवशी इथे कोणीच उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या आवारात तिला आठवलं तेव्हा तिने आपली मूठ मोकळी केली. आपली. बाबांची तशीच राहिली, लॉकवर, सहा आठवडे. वर जाताना ती उजवी लॉक करायची, मग दोन्ही जोडलेली, सगळं बरोबर, गाडी गप्प. खाली आली की उजवी मोकळी आणि डावी जोडलेली. एक चाक आसाला फिरवतंय, दुसरं फिरवत नाही, पुढच्या आसाच्या मधल्या दातऱ्या बिचाऱ्या एकमेकींत गरगर फिरून रडतायत. मोडलेलं काहीच नव्हतं.

मिस्त्री उतरून डाव्या चाकाशी गेले. मुठीवर चिखलाचा जाड पापुद्रा. अंगठ्याने खरवडलं, काटा लॉकवर. ते तिथेच रस्त्यावर मातीत बसले आणि हसायला लागले, आणि हसता हसता टॉवेल डोळ्यांना लावला. जीव भांड्यात पडतो म्हणतात ना, तो असा पडला की त्याचा आवाज त्यांना स्वतःला ऐकू आला असेल.

पोरगी शेजारी येऊन उभी राहिली. "म्हणजे मी काही मोडलं नाही?"

"काही मोडलं नाहीस. चुकलो मी, पोरी. तू पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं होतंस आणि मी ऐकलं नाही. वर तुलाच ओरडलो. बापाला वाचवून आणलंस तू, गाडी फुटली असती तरी चाललं असतं, हे तेव्हा म्हणायला हवं होतं मला." एवढं एका दमात ते आयुष्यात कधी बोलले नव्हते.

पोरगी तिथेच चाकाला टेकून बसली आणि मोकळेपणाने रडली. सहा आठवडे तिला वाटत होतं, की त्या दिवशी आपण बाबांना आणलं खरं, पण त्यांची गाडी संपवली. मिस्त्रींनी तिला लिंबू दिलं. दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतं.

मग त्यांनी मुठीला हात घातला. ती एकदम म्हणाली, "काका, थांबा. ही नका फिरवू."

मिस्त्रींनी तिच्याकडे बघितलं आणि हात काढून घेतला. "बरं. मग तुझी परत लॉक कर. दोन्ही जोडलेल्या, आतला दांडा मात्र दोन चाकांवर. तशी गाडी नेली तर काही बिघडत नाही, आणि माझं खरं असेल तर रडणारही नाही."

डांबरावर तिने चाळीस केलं, पन्नास केलं. साठला मिस्त्रींनी सीटची कड पकडली, पण गाडी एका शब्दाने बोलली नाही. मिस्त्री डोळे मिटून ते ऐकत होते. आपले कान काही गेलेले नाहीत, हेही त्यांनी त्यात ऐकून घेतलं.

लंबूच्या घराशी गाडी थांबली तेव्हा दार बंद होतं. पोरीने कडी वाजवली. लंबूने स्वतः उठून दार उघडलं, अंगात स्वेटर, चेहऱ्यावर गोंधळ. "तू कधी आलीस? गाडीचा आवाज नाही आला."

"नाहीच येणार," मिस्त्री पायरीवरून म्हणाले. "लंब्या, खाली ये. तुझं एक काम राहिलंय."

"मला डॉक्टरांनी काही उचलायला मना केलंय."

"उचलायचं नाहीये. फिरवायचंय."

दोन पायऱ्या उतरायला त्याला वेळ लागला. पोरीने स्टूल आणून डाव्या चाकाशी ठेवलं. लंबू बसला, मुठीकडे बघितलं, मग मुलीकडे, मग मित्राकडे. मिस्त्रींनी एका वाक्यात सांगितलं. सवयीने पोरगी पलीकडे जाऊन उजव्या चाकाशी वाकली, कट्, आणि उभी राहिली. बापासाठी थांबली.

"म्हणजे मोडलं काहीच नव्हतं?" लंबूने विचारलं.

"काहीच नाही," मिस्त्री म्हणाले. "तू तेवढा उतरायचा राहिला होतास."

लंबूने मुठीवर आधी एक हात ठेवला, मग दुसरा. चिखलाने ती घट्ट बसली होती. मिस्त्रींचा हात दोनदा पुढे गेला आणि दोनदा त्यांनी तो खिशात घातला. तिसऱ्या झटक्याला ती फिरली. कट्. लंबूने हात पँटला पुसले आणि सहा आठवड्यांत पहिल्यांदा आपल्या जुन्या सुरात ओरडला, "काय हा चिखल! गाडी धुतेस की नाही ग?"

सोमवारी दवाखान्याचे साहेब डाव्या सीटवर बसले. डांबरावर गाडी एवढी गप्प होती की पहिल्याच दहा किलोमीटरला त्यांचा डोळा लागला. खडकापाशी पोरगी उतरली, उजवी मूठ फिरवली, मग गाडीला वळसा घालून डावीकडे गेली आणि तीही फिरवली. साहेब दचकून जागे झाले, "काय झालं?" तर ती म्हणाली, "काही नाही, झोपा तुम्ही." काम तिच्याकडेच राहिलं. साहेबांनी एवढंच विचारलं, की परतताना सीट जरा पुढे घेता येईल का. ती म्हणाली, "नाही, ती बाबांच्या मापाची आहे. दोन महिन्यांनी येणारच आहेत ते."

संध्याकाळी ती शेडवर आली. मिस्त्रींनी वही उघडली, पेन्सिल कानावरून काढली. "हं. काढ आवाज."

ती तोंड मिटून उभी राहिली. वखारीत करवत चालली होती ती नेमकी तेव्हाच थांबली. मिस्त्रींनी "हूंऽऽऽ" वर आडवी रेघ मारली, त्याखालच्या "हब बघितलं. फ्री." वर जरा जोरात मारली, आणि वही मिटायला घेतली.

"काका, अजून एक सांगायचं होतं," ती म्हणाली. "पण तसं काही विशेष नाही. जाऊ दे."

मिस्त्रींनी वही पुन्हा उघडली, नवीन ओळीवर बोट ठेवलं, आणि पायाने तिच्याकडे स्टूल सरकवलं.

"बस," ते म्हणाले. "आणि पहिल्यापासून सांग. सगळं लिहितो."

मागच्या खिडकीतून बायकोचा आवाज आला, "तिचं झालं की माझा नंबर!"